पहिल्यापासून सांगतो

आमच्या देवासला शिकवणी घेणाऱ्यांची थोर परंपरा आहे. 1907 साली थोरल्या पातीच्या तरुण तुकोजीराव महाराजांना शिकवायला माल्कम डार्लिंग हा गोरा अधिकारी आला आणि पुढे त्याच्या ओळखीने त्याचा मित्र ई. एम. फॉर्स्टर आला. हा फॉर्स्टर 1921 साली महाराजांचा खासगी चिटणीस झाला तो रजेवर गेलेल्या दुसऱ्या साहेबाच्या जागी, म्हणजे धडे निम्मे उरकल्यावर. बाग, टेनिसचं मैदान, मोटारी, पाहुण्यांचा बंगला आणि वीजघर असं सगळं एकदम त्याच्या गळ्यात पडलं. हे नेमकं काय चाललं होतं ते लिहून 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक बाहेर यायला 1953 साल उजाडलं. मधेच वर्गात आलेल्या माणसाला, तो फॉर्स्टर असला तरी, सगळं उमजायला बत्तीस वर्षं लागतात, असा याचा सरळ हिशेब. माझ्याकडे पंधरवडा होता.

माझी सासुरवाडी धारची. धारच्या मुलीशी लग्न केलेल्या माणसाला इतिहास वेगळा वाचावा लागत नाही, तो रोज पानात वाढला जातो. धार म्हणजे राजा भोजाची राजधानी, देवास म्हणजे फार तर दोन भावांनी वाटून घेतलेली टेकडी, दुसरा बाजीराव जन्मला तो 1775 साली धारच्याच किल्ल्यात, हे सगळं ही मला पोळीवर तूप सोडता सोडता सांगते. त्या बाजीरावाने पुढे 1818 साली काय करून ठेवलं, तेवढंच नेमकं सांगायचं विसरते.

मेहुणे अजून धारलाच असतात. जन्मभर सरकारी शाळेत मास्तरकी केली, निवृत्त झाले, तरी मांडवच्या रस्त्यावरच्या एका गावात शाळेला हातभार म्हणून जात राहिले. यंदा दिवाळीनंतर त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी धुळीत जायला बंदी केली. 'जावईबापू, तुम्ही मोकळेच आहात,' ते फोनवर म्हणाले. 'चौथीत दोन पोरं उशिरा आलीत. तेवढ्या दोघांना वर्गाबरोबर आणून सोडा. बाकी काही करू नका.' मी हो म्हटलं. ते पुन्हा म्हणाले, 'बाकी काही करू नका हं.' फोन ठेवल्यावर मी हिला म्हटलं, बघ, दादांचा माझ्यावर किती विश्वास आहे.

आता माझी लायकी सांगतो. माझी उभी हयात एका कचेरीत आवक-जावक टेबलावर गेली. कागद वेळेवर येवो की सहा महिन्यांनी येवो, त्याची नोंद व्हायची ती पहिल्या रकान्यापासून: क्रमांक, दिनांक, कोठून, कोणास, विषय. मधल्या रकान्यापासून सुरुवात केलेला कागद मी जन्मात पाहिला नाही. घरीसुद्धा कुणी 'काय बोलत होतात?' म्हणून मधेच बैठकीत येऊन बसलं, की मी त्याला पहिल्यापासून सांगायला घेतो. मग आधी बसलेले लोक पाणी प्यायला उठतात ते परत येत नाहीत. या स्वभावावर शिक्षक म्हणून आपण चमकणार, अशी माझी खात्री होती.

शाळा दोन खोल्यांची, व्हरांड्यात हातपंप, मागे चिंचेचं झाड. 1997 च्या 1 जानेवारीला मध्य प्रदेश सरकारने शिक्षण हमी योजना काढली होती. आदिवासी वस्तीत किलोमीटरभराच्या आत शाळा नसेल आणि शिकणारी पंचवीस मुलं असतील, तर गावाने मागणी करायची आणि सरकारने नव्वद दिवसांत गुरुजी द्यायचा. त्या योजनेतून ही शाळा उभी राहिली. गावाने मागून घेतलेल्या शाळेत न मागता आलेला पहिला मास्तर बहुधा मीच.

तिथल्या हेडसाहेबांना कायदा तोंडपाठ. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. कलम पंधरा: मूल वर्षाच्या मधेच आलं तरी त्याला दारातून परत पाठवता येत नाही. कलम चार: त्याला वयाला शोभेल त्याच वर्गात बसवायचं, दहा वर्षांचा घोडा पहिलीत बसवायचा नाही, आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. नियमांप्रमाणे हे प्रशिक्षण कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. एवढं सांगून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हताशपणे म्हणाले, 'तो विशेष प्रशिक्षण, समझ लीजिए, आप ही हैं.'

ती दोन पोरं म्हणजे एक मुलगा आणि त्याची चुलत बहीण. या भागातली बरीच भिल्ल-भिलाला घरं शेतीचं काम सरलं की मजुरीला गुजरातेत जातात, होळीच्या आधी भगोरियाच्या हाटाला परततात आणि पोरंही बिऱ्हाडाबरोबर फिरतात. या दोघांचे आईबाप राजकोटकडे बांधकामावर होते. यंदा दिवाळीला गावी आले आणि परत जाताना पोरांना आजीपाशी ठेवून गेले. मुलगी काही विचारलं की मान खाली घालायची. मुलगा काही विचारलं की खिडकीबाहेर बघायचा. मी ठरवलं, यांना पहिल्यापासून शिकवायला हवं.

रात्री सासुरवाडीच्या ओटीवर बसून मी चार रंगांच्या शायांत 'भरपाई-पत्रक' तयार केलं. लाल म्हणजे राहिलेलं, निळं म्हणजे शिकवायचं, हिरवं म्हणजे शिकवून झालेलं आणि जांभळं म्हणजे काय ते सकाळी मलाच आठवेना. ही आतून म्हणाली, 'फक्त दोनच मुलं आहेत ना?' मी म्हटलं, 'पद्धत ही पद्धत असते.'

चौथीच्या मॅडम त्या आठवड्यात मतदार यादीच्या कामाला जुंपलेल्या, त्यामुळे अख्खी चौथीच माझ्या हाती आली. वर्ग भागाकारापर्यंत पोहोचलेला होता. मी त्या दोघांना भिंतीकडच्या टाटपट्टीवर बसवून पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि एकक-दशक-शतक सुरू केलं. बाकीच्यांना म्हटलं, तुम्ही आपापले भागाकार करा. पण मुलांचं कसं असतं, की भागाकार अवघड असतो आणि एकक-दशक सोपं असतं. मी भिंतीकडे बघून विचारलं, 'तीनशे चार में दहाई पर क्या है?' तर पाठीमागून तीस हात वर आणि तीस गळ्यांतून 'शून्य!' मला भरून आलं. एवढी उत्तरं देणारी मुलं मला कधी मिळाली नव्हती. माझी स्वतःची मुलंसुद्धा मला इतकी उत्तरं देत नाहीत, निदान बरोबर तरी देत नाहीत. मी पुढचा प्रश्न मागे वळून विचारला, त्याच्या पुढचाही. हळूहळू सगळ्या टाटपट्ट्या भिंतीकडे सरकल्या आणि सगळी चौथी माझ्याबरोबर आनंदाने जून महिन्यात परत गेली.

तिथे आम्ही रमलो. बेरीज झाली, हातच्याची बेरीज झाली, वजाबाकीत उसने घेणं चाललं होतं. ज्यांना येत होतं ती मुलं येत असलेलंच पुन्हा पुन्हा सांगून खूश होती, आणि ज्या दोघांसाठी हा सगळा खटाटोप, ती दोघं एवढ्या आरडाओरड्यात कोपऱ्यात आणखी आक्रसून बसली होती. आठवड्याअखेरी मेहुण्यांचा फोन आला. डोळ्याला हिरवी पट्टी, पण आवाजात धार.

'कुठवर आलात?'

'उसन्याच्या वजाबाकीपर्यंत.'

'वर्ग तर भागाकारावर होता.'

'होता,' मी म्हटलं.

मी गेलो तेव्हा दोन मुलं मागे होती. आता सगळीच होती. वर्ग एकसारखा झाला होता, एवढं मात्र कुणालाही मान्य करावं लागलं असतं.

मग मी मुलांना हुरूप द्यायचं ठरवलं. देवासच्या माणसापाशी अशा वेळी हुकमी गोष्ट असते. कुमार गंधर्व 1948 साली क्षयाने आजारी होऊन कोरड्या हवेसाठी देवासला आले, डॉक्टरांनी गाणं बंद करायला लावलं, मुंबईत देवधर मास्तरांकडे तयार झालेला एवढा मोठा गवई काही वर्षं खाटेवर पडून राहिला. त्या पडलेपणात बायाबापड्यांची मालवी गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली, त्यांनी ती टिपून घेतली, आणि बरे होऊन गायला बसले ते सुटलेला जुना अभ्यास भरून काढायला नाही, तर त्या लोकधुनांतून निघालेले नवे राग घेऊन. हे सांगताना माझाच गळा दाटून आला. मुलं गप्प. शेवटी दोन वेण्या आणि चार प्रश्न सदैव तयार असणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, 'फिर वो पास हुए, सरजी?'

मला आता वाटतं की गोष्ट योग्य होती, ऐकायला हवी होती ती मी. पण तेव्हा मी पुढच्या योजनेत गुंग होतो.

ती योजना मला भोजशाळेने सुचवली. धारला जावई आला की त्याला भोजशाळा दाखवतात. मलाही दाखवून झालेली. तिथल्या खांबांवर नागबंध कोरले आहेत, म्हणजे नागाच्या वेटोळ्यात संस्कृतची वर्णमाला आणि धातूंचे प्रत्यय बसवलेले. केवढी सोय! विद्यार्थी कार्तिकात येवो की फाल्गुनात, धडा खांबावर हजर. धार संस्थानचे शिक्षण अधीक्षक काशिनाथ कृष्ण लेले यांना 1903 साली तिथेच 'पारिजातमंजरी' नाटिकेचा शिलालेख मिळाला. तिचे चारपैकी पहिले दोनच अंक आज उरले आहेत, शेवटचे दोन ज्या शिळेवर होते ती अजून मिळायची आहे. आमच्या पोरांचं उलटं. त्यांचे पहिले दोन अंक राजकोटला राहिले होते. मी ठरवलं, आपण आठाच्या पाढ्याचा नागबंध काढू. भिंतीवर कायमचा. जो कधी येईल त्याने वाचावा.

शाळा सुटल्यावर गेरू कालवून मी मागच्या भिंतीवर नाग काढला. वेटोळी काढताना दर वेळी आधीची रेघ आडवी येई, म्हणून मी ती चुकवून पलीकडून नेई, तिथे तिसरी भेटे. फणा खाली की वर याचा निर्णय गेरू ओघळल्यामुळे आपोआप झाला. सकाळी मुलं आली, बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली आणि वेण्यांवालीने सगळ्यांच्या वतीने निकाल दिला: 'सरजी, या तो जलेबी हे.' माळव्यात सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खाल्लेल्या पोरांना यापेक्षा वेगळं काही दिसणं शक्यही नव्हतं. मी बोट ठेवून सांगितलं, हे तोंड, हे शेपूट. त्यावर त्यांनी शेपटीला तोंड मानून वाचायला सुरुवात केली आणि 'आठ दाहम अस्सी, आठ नवाँ बहत्तर' असा पाढा शिडीवरून उतरत खाली आला. दुपारपर्यंत सबंध चौथीचा आठाचा पाढा उलटा पाठ झाला. अजून त्यांना सुलटा म्हणायला सांगितला तर थांबून विचार करतात.

पुसून टाकावं म्हटलं, तर तेवढ्यात त्या दोघांची आजी मध्यान्ह भोजनाच्या वेळी नातवंडांना बघायला आली. तिला मात्र तो नागच दिसला. सगळ्या गावात एकटी तीच माझ्या चित्रकलेची कदर करणारी निघाली. तिने चपला बाहेर काढल्या, हात जोडले, ओच्यातली दोन झेंडूची फुलं भिंतीशी ठेवली आणि नातवाच्या कपाळाला तिथलाच गेरू लावला. दुसऱ्या दिवशी तिथे नारळ. आता भिंत पुसायची कुणाची हिंमत? हेडसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. कायद्यात याला कलम नव्हतं.

एवढ्यात मॅडम मतदार यादी संपवून परत आल्या. त्यांनी वर्ग बघितला, भिंत बघितली, मला बघितलं आणि एका शब्दानेही काही न विचारता त्या मुलाजवळ जाऊन टाटपट्टीवर मांडी घातली. त्यांनी वही उघडली नाही. विचारलं एवढंच, की राजकोटला काय बघितलंस? तो म्हणाला, 'ईंट.' मला वाटलं, आता शिकवण्याची संधी आली. मी घाईने पुढे सरकलो: 'अच्छा, चार सौ ईंट ऊपर पहुँचानी है, एक फेरे में आठ, तो कितने फेरे?' आणि फळ्यावर भागाकाराची खूण काढून त्याला ती समजेपर्यंत थांबायच्या तयारीने उभा राहिलो.

त्याने फळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाला, 'किसके माथे पे? माँ आठ लेवे. काकी छे लेवे.'

मी म्हटलं, माँ.

'पचास.'

आणि काकी?

त्याने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला, ओठ हलले. तेवढ्यात मीही फळ्यावर सहाने चारशेला भागायला घेतलं, कारण मला स्वतःला ते तोंडी येत नव्हतं. माझं सहासष्ट आलं. मी खडू ठेवला.

'सड़सठ,' तो म्हणाला.

मी म्हटलं, सहासष्ट. फळ्यावर आहे. त्याने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं, खुळ्या माणसाकडे पाहतात तसं, दयेने. 'सरजी, छासठ में चार ईंट नीचे रह जाएगी. वो कौन लाएगा?'

मॅडमनी तोंडाला पदर लावला. मी फळ्यावर खाली उरलेल्या चाराकडे बघत राहिलो. मी त्याला 'शेष' म्हणतो, तो त्यासाठी काकीची आणखी एक खेप धरतो. ज्या भागाकारापर्यंत पोचवायला मी सगळी शाळा जूनमध्ये नेली होती, तो भागाकार या पोराने बाकीसकट राजकोटहून बरोबर आणला होता. त्याला फक्त आमची आडवी रेघ आणि दोन टिंबं माहीत नव्हती. ती शिकायला त्याला चिंचेखाली डबा खाऊन होईपर्यंतचा वेळ लागला, आणि तीही माझ्याकडून नाही, वेण्यांवालीकडून. तिने जमिनीवर काडीने रेघ मारली, वर खाली चिंचोके ठेवले आणि म्हणाली, 'ये ईंट, ये फेरे, बस.'

मॅडम नंतर मला म्हणाल्या, 'छूटा हुआ सब नहीं देते, सरजी. आज के पाठ को जितना लगे, उतना ही.' त्यांची रीत साधी होती. उशिरा आलेल्याला वर्गाबरोबर आजच्याच धड्यावर बसवायचं; त्या धड्याखाली जी एखादी पायरी लागते तेवढीच दुपारच्या सुट्टीत बघून घ्यायची; शेजारी असं मूल बसवायचं ज्याला ते नुकतंच कळलं आहे, कारण आपल्याला काय अडलं होतं ते त्याला अजून आठवतं; आणि राहिलेल्या वह्या उतरवून काढायला लावायच्या नाहीत. मुलगी मान खाली घालायची ती अभ्यास येत नाही म्हणून नव्हे, तर सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय म्हणून. सगळ्या वर्गाला तिच्याकडे वळवून बसवलं होतं कुणी, ते सांगायला नको. खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण आमच्या देवासला 'एकलव्य' संस्थेचं केंद्र. करून, हाताळून, एकमेकांना विचारून मुलं कशी शिकतात याचा उद्योग होशंगाबादला 1972 साली सुरू झाला, तो पुढे चालवायला 1982 साली ही संस्था निघाली. त्यांचं 'चकमक' मासिक माझ्या घरी मुलांसाठी येत असे. मी त्यातली फक्त कोडी सोडवायचो, आणि उत्तरं मागच्या पानावर बघायचो.

त्यानंतर माळव्याची थंडी मला बाधली. तळलेल्या गराडूवर मसाला भुरभुरून मी संध्याकाळी ओटीवर जरा जास्तच खाल्ले, घसा बसला, ताप आला, आणि हिने मला रजईत गुंडाळून ठेवलं. मी अंथरुणातून रोज निरोप पाठवायचो की माझ्याशिवाय मुलांचं अडत असेल तर उठून येतो. रोज हेडसाहेबांचा निरोप यायचा, तब्येतीला जपा. मेहुण्यांनी तर एकदा घाईने सांगितलं की पूर्ण बरं वाटल्याशिवाय अजिबात जाऊ नका. माणसं किती काळजी करतात!

मी बरा होऊन गेलो तेव्हा चौथी भागाकार संपवून अपूर्णांकांत शिरली होती, तीही सगळीच्या सगळी. तो मुलगा फळ्याशी उभा होता आणि अर्धी वीट, पाव वीट असे वाटे पाडत होता. एका पोराने विचारलं, वीट मधोमध कशी तुटेल? त्यावर पाच मिनिटं वाद झाला आणि त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, कारण आधीचे धडे माझे बुडाले होते. मी भिंतीशी, नागबंधाखाली, नारळाशेजारी उभा राहिलो. वेण्यांवालीने मागे वळून पाहिलं, सरकून टाटपट्टीवर जागा केली आणि म्हणाली, 'बैठो, सरजी. आपको कहाँ तक आता है?'

मी घसा साफ केला. म्हटलं, 'पहले से बताऊँ?'

'नईं!' सगळा वर्ग एका सुरात ओरडला.